सोमाजीची कोरडी थप्पी

कवडबोडीच्या सोमाजी भोयरला मरणाची भीती नव्हती. त्याला भीती होती ओल्या लाकडांची.

त्याचं कारण त्याचा बाप. बाप गेला तो ऐन भादव्यात, सात दिवसांची झड लागलेली असताना. लाकूड असं की दाबलं तर पाणी यावं. दोन डबे रॉकेल ओतलं, तरी सरण काही पेटेना. पेटलं तेव्हा धूर असा उठला की खांदेकरी खोकत खोकत नाल्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. दिवस कलला तरी म्हातारा अर्धाच. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "बुढ्यानं जितेपणी चिलमीचा धूर केला, मेल्यावरबी तेच करून राह्यला." आणि लोक हसले. बापाच्या मयतीत लोक हसले हो! सोमाजीनं हातातला बांबू तिथंच आपटला आणि मनाशी ठरवलं की आपण जाऊ तेव्हा कोणाला खोकलाही येता कामा नये, हसू तर दूरच.

ही गोष्ट जुनी. पण साठी ओलांडल्यावर सोमाजी कामाला लागला. दर साली फागुनात जंगलखात्याच्या परवानगीनं घराला दोन बैलबंड्या जळाऊ लाकूड मिळायचं. एक बंडी चुलीसाठी, आणि एक सोमाजीची स्वतःची. त्यात तो फक्त येन, म्हणजे ऐनाचं लाकूड घ्यायचा, मांडीएवढ्या जाडीचं, सरळ. अंगणात शाळेच्या भिंतीला लागून त्यानं दगडांचा ओटा केला होता, त्यावर थप्पी. दर पंधरा दिवसांनी ती उलटीपालटी करायची, खालचं वर, वरचं खाली, वाळवी पाहायची, एकेक लाकूड दुसऱ्यावर ठोकून कानाला लावायचं. टणटण वाजलं की चेहरा असा फुलायचा, जणू नातवानं पाढा म्हणून दाखवला.

सून सीता बिचारी गरीब. पावसाळ्यात चूल धुपायला लागली की दारातून म्हणायची, "मामाजी, त्यातला एक फाटा द्या ना. भात अर्धाकच्चा राह्यला."

"सीते, माह्या सरणातलं मांगून राह्यली तू!"

"अजून तर बसले आहात चांगले टणटणीत."

"म्हनूनच तर वाळलं लाकूड जमा करता येते. मेल्यावर कोण करते?"

ती बापडी फुंकणी घेऊन परत चुलीपाशी बसायची.

एवढं सगळं नीट असताना घोडं कुठं अडलं म्हणाल, तर गावाच्या रिवाजात. कवडबोडीत मयताला लाकूड नाही म्हणत नाहीत. आणि मयताला दिलेलं लाकूड परतही घेत नाहीत, आणून दिलं तरी नाही. आता पावसाळ्यात अख्ख्या गावात कोरडं लाकूड कुठं, तर सोमाजीकडं. ब्याऐंशी साली आखाडात केसरबाई गेली. गावातली सुईण. सोमाजीचा पोरगा हरिदास तिच्याच हातावर जन्मला. तिला नाही कसं म्हणणार? गेली थप्पी. त्र्याऐंशीत वामनराव पाटील गेले. त्यांच्या कोठ्यात लाकडाचा डोंगर होता, पण वरचं छप्पर गळत होतं. पाटलाचा पोरगा हात जोडून दारात उभा. गेली थप्पी.

आणि परवानगी सालातून एकदा. त्यामुळं दोन्ही वेळा सोमाजी स्मशानातून घरी आला, आंघोळ केली, आणि रिकाम्या ओट्याकडं पाहून अगदी गंभीरपणे म्हणाला, "यंदा काही मरता येत नाई."

सीतेला वाटायचं, चला, एक साल निभावलं.

सगळ्यात मोठी आफत मात्र समोरच्या घरात राहत होती. तिचं नाव नथ्थू मोहुर्ले. सोमाजीच्याच वयाचा, दोघांनी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून गावतळ्यात, बोडीत डुंबलेलं. पण सोमाजी जितका टापटिपीचा तितका हा ऐदी. उभ्या जन्मात यानं लाकडाची थप्पी म्हणून लावली नाही. बायको सुगंधाबाई चुलीसाठी काटक्या वेचून आणायची आणि हा ओसरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा. चौऱ्याऐंशीच्या जेठात एक दिवस तो उठला, सोमाजीच्या थप्पीवर येऊन बसला आणि एका लाकडावर हात फिरवत म्हणाला, "सोम्या, हे मस्त हाय. हे मी डोक्याखाली घेईन."

"काय?"

"यंदा माहा नंबर हाय. छाती भरून येते पावसात. तू रच चांगली, मी झोपतो."

सोमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अबे लाज नाई वाटत? दुसऱ्यानं रचलेल्यावर झोपतं?"

"केसरबाई झोपली, पाटील झोपला. मले काऊन नाई? रिवाज हाय बाप्पा," नथ्थू म्हणाला आणि वर खर्र्याची पुडी पुढं केली.

त्या रात्रीपासून सोमाजीच्या डोक्याला घोर लागला. नथ्थू बोलतो ते करतो असं नव्हे, उलट त्यानं आजवर बोललेलं एकही काम केलेलं नव्हतं. पण छाती खरंच भरायची त्याची. आणि नेमका पावसात गेला तर? विचार करकरून सोमाजीला एकच वाट दिसली. नथ्थूला पावसाळाभर मरू द्यायचं नाही.

मग काय विचारता! आखाड लागला आणि सोमाजी नथ्थूच्या दारात हजर. हातात अडुळशाचा काढा. "पी." नथ्थू तोंड वाकडं करायचा, सोमाजी नाक दाबून पाजायचा. रोवण्याला नथ्थू बांधीत, भाताच्या खाचरात उतरला तर हा धुऱ्यावरून ओरडायचा, "नीघ बाहेर! भिजलास तर टांग तोडीन." नथ्थूच्या वाटचे भाताचे पऱ्हे सोमाजीनं रोवले. एक दिवस नथ्थूला दोन शिंका आल्या, तर हा त्याला एस.टी.त घालून मूल गावी डॉक्टरकडं घेऊन गेला, येताना घोंगडं पांघरून आणलं. सुगंधाबाई तर बायाबायांत सांगायची, "सख्ख्या भावानं केलं नसतं वं बाई."

नथ्थू पण काही कच्चा नव्हता. सीतेच्या चुलीवर बोडीतल्या मासोळीचा रस्सा उकळायला लागला की समोरच्या ओसरीवरून खोकल्याची उबळ यायची. आधी बारीक, मग मोठी.

"दे त्याले वाटीभर," सोमाजी दात खात म्हणायचा.

"मामाजी, तो खोटं खोकलून राह्यला."

"खरा खोकलला म्हंजे? दे!"

चौऱ्याऐंशीचा पावसाळा असा काढ्यावर आणि रश्श्यावर पार पडला. नथ्थूचं वजन वाढलं. पोळ्याच्या दिवशी तो थप्पीवर बसून म्हणाला, "यंदा जमलं नाई गड्या. पुढच्या साली पाहू."

याच सुमाराला गुणवंतराव रामटेके गुरुजी गावात आले. ब्रह्मपुरीचे, एम.ए. झालेले, अभ्यासाचा मोठा नाद. राहायला सोमाजीच्याच पडवीत, आणि शिकवायला भिंतीपलीकडच्या शाळेत. त्यांचा आवाज असा खणखणीत की दहावीच्या पोरांबरोबर सोमाजीची लाकडंही इंग्रजी शिकत होती. एका सकाळी सोमाजी थप्पी पालटत होता, नथ्थू वर बसून मदत करत होता, म्हणजे बोटानं दाखवत होता, आणि भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज आला.

"आऊटलास्ट! क्रियापद. अर्थ, दुसऱ्यापेक्षा जास्त काळ टिकणे. कोट आऊटलास्टेड द ओनर. म्हणजे? कोट घालणारा गेला, कोट राहिला."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मधल्या सुट्टीत गुरुजी चहाला आले, तर दोघांनी त्यांना थप्पीपाशीच गाठलं.

"गुर्जी, तो सबद माणसाले लागते का?" सोमाजीनं विचारलं.

"लागतो ना. माणसाला, वस्तूला, राज्याला, दुखण्याला. पण एक आहे, नुसतं एकटं टिकून चालत नाही. कोणापेक्षा टिकला ते सांगावं लागतं. दुसरा कोणी असल्याशिवाय हा शब्द वापरताच येत नाही." गुरुजींनी बशीत चहा ओतला. "मराठीत एका शब्दात सापडत नाही मला. दोन दिवस झाले शोधतोय."

"त्यात काय शोधायचं? पुरून उरणे!" सोमाजी छाती काढून म्हणाला. "मी पुरून उरलो म्हंजे मी औटलास केलं."

गुरुजी एवढे खूश झाले की त्यांनी खिशातली वही काढून तिथंच लिहून घेतलं.

"खोडा गुर्जी ते," नथ्थू वरून बोलला.

"का हो, नथ्थूभाऊ?"

"पुरून उरणे नोहे. मागं राहणे. त्याचा अर्थ मागं राहणे असा हाय."

"अहो, पण इंग्रजीत तो जिंकणाऱ्यासाठी वापरतात. टिकला त्याची सरशी."

नथ्थूनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "गेला तो बंडीत झोपून गेला ना? लोकायनं खांद्यावर घेतला, लाकूड दिलं, गुणबी गायले. अन् राह्यला त्याले घरी पैदल या लागते, एकटं. कोणाची सरशी?"

"तू चूप बस," सोमाजी खेकसला. "गुर्जी, याचं काई लिहू नोका. यानं कधी काही टिकवलंच नाई, याले काय समजते!"

गुरुजींनी नथ्थूचंही लिहिलं, पण कंसात.

शब्द मात्र गावात रुजला. सुगंधाबाई आपल्या सुनेवर चिडली की म्हणायची, "ही सून मले औटलास कराले बसली." मूलची एस.टी. चढावर बंद पडली की लोक उतरून ढकलत म्हणायचे, "हे गाडी आपल्या पोरायलेबी औटलास करते." आणि थप्पीवर रोजचं भांडण. नथ्थूचं म्हणणं, "मले औटलास कर ना बे, कोण नाई म्हनते! तू जग शंभर साल, थप्पी मले दे." सोमाजीचं म्हणणं, "काऊन करू? तूच कर मले औटलास. मी पयले जाईन." गुरुजी ऐकत बसायचे आणि डोकं धरायचे. दोन माणसं जास्त जगायची नव्हे, आधी जायची पैज लावून बसलीत, असं वाक्य कुठल्याच पुस्तकात त्यांना सापडलं नव्हतं.

आणि मग पंच्याऐंशीच्या सावनात सोमाजी पडला. दुपारची थंडी वाजून यायची, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी खाट हलायची, मग ताप. पाचव्या दिवशी त्याला माणसं ओळखू येईनात. हरिदासनं नातेवाइकांना निरोप धाडले. सोमाजीची ब्रह्मपुरीला दिलेली बहीण आली, ती दारातूनच रडत आली. बाहेर आठ दिवसांची झड. पण शुद्ध आली की सोमाजी एकच विचारायचा, "थप्पी कोरडी हाय ना?" दोन उन्हाळे खाल्लेली थप्पी होती ती. वरून गवताचं छप्पर घातलेलं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर सोमाजी आतून समाधानी होता.

सातव्या दिवशी वारं सुटलं आणि थप्पीवरचं गवत उडालं. सोमाजीला खाटेवरून पाण्याचा आवाज ऐकू आला, पण उठायची ताकद नव्हती. तो नुसता "थप्पी, थप्पी" करत राहिला. थोड्या वेळानं आवाज बदलला. ताडपत्रीवर पडणारा पाऊस ताडताड वाजतो, तसा. मग दारातून नथ्थू आत आला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. ज्या माणसाला सोमाजीनं दोन पावसाळे एक थेंब लागू दिला नव्हता, तो.

"झाकली बे," नथ्थू म्हणाला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला.

"ताडपत्री कुठून आनली?"

"माह्या घरावरची काढली. आता मरायचं असन तर पटकन मर. सुगंधा गळतीखाली गंज-बगुने मांडून बसली हाय घरभर."

सोमाजीनं मान त्याच्याकडं वळवली. "तुले पायजे होती ना थप्पी?"

"पायजे तर होती. पण तू लायनीत पुढं लागला. मधात कसा घुसू?" एवढं बोलून नथ्थूनं गोधडीत हात घातला आणि सोमाजीचे गार पडलेले तळवे चोळायला लागला. चोळता चोळता त्याला खोकला आला. या वेळी कुठंच रस्सा शिजत नव्हता.

गुरुजी गुडघाभर चिखल तुडवून मलेरिया खात्याच्या माणसाकडून कडू गोळ्या घेऊन आले. नवव्या दिवशी सोमाजीचा ताप उतरला. दहाव्या दिवशी त्यानं भात मागितला. सगळं घर आनंदलं, एकटा नथ्थू सोडून.

"हे काय खरं हाय?" तो अंगणात उभा राहून ओरडत होता. "तीन दिवस घर गळलं माहं! जमत नव्हतं तर झोपायचं कायले खाटेवर?"

त्या पावसाळ्यानंतर नथ्थूचा खोकला गेला नाही. सोमाजीनं काढे दिले, मूलच्या चार चकरा मारल्या, रोज संध्याकाळी न मागता रस्सा पाठवला. हिवाळा निघाला, फागुनात नवी परवानगी आली, पण थप्पी अजून शाबूत होती म्हणून सोमाजीनं दोन्ही बंड्या चुलीला दिल्या. सीतेनं त्या दिवशी खीर केली.

शहाऐंशीच्या बैसाखात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, गावातली सगळी माणसं पहाटेच जंगलात गेलेली होती. नथ्थू समोरच्या मोहाच्या झाडाखाली खर्रा घोटत बसला होता. सुगंधाबाईनं पाणी नेऊन दिलं तेव्हा त्याची मान झाडाला टेकलेली होती. तिला वाटलं झोपला. सोमाजी ओसरीवरून पाहत होता. त्याला नाही वाटलं तसं. झोपेत नथ्थूच्या हातातून खर्रा कधी पडत नसे.

गाव जमलं. बैसाखाचे दिवस, लाकूड घरोघरी कोरडं ठणठणीत. कोणी दोन फाटे आणले, कोणी चार. नथ्थूचा पोरगा दसरू सोमाजीजवळ येऊन म्हणाला, "काका, तुमच्या थप्पीले हात लावत नाई. लई लाकूड जमलं. तुमची पावसाळ्यासाठी राहू द्या."

खरं सांगतो, सोमाजीच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की सुटलो बुवा, थप्पी वाचली. नथ्थू उन्हाळ्यात गेला, डाव आपण जिंकला. तो विचार आला आणि त्याची त्यालाच एवढी शरम वाटली की तो उठून उभा राहिला.

"हरिदास, बंडी जुंप."

"कायले बाबा?"

"थप्पी भर. पुरी."

लोक समजावायला लागले. "सोमाजीभाऊ, जिद्द नोका करू. पावसात कोणाले लागली म्हंजे?"

"कोणाले लागते?" सोमाजी एकदम ओरडला. "पावसात आता खोकलते कोण? दोन साल त्यानं या लाकडावर बसून वाट पाह्यली, अन् त्याले तुमच्या काटक्यायवर झोपवू?"

गुरुजींनी बाह्या वर केल्या आणि पहिलं लाकूड त्यांनी उचललं.

नाल्याकाठी सरण सोमाजीनं स्वतः रचलं, कोणाला हात लावू दिला नाही. नथ्थूनं हात फिरवलेलं लाकूड त्याला हजारांत ओळखू आलं असतं. ते त्यानं डोक्याखाली ठेवलं, हलवून पाहिलं, नीट बसवलं. दसरूनं अग्नी दिला आणि येन असं पेटलं की बघत राहावं. रॉकेल नाही, फुंकणं नाही. सरळ, स्वच्छ जाळ. कोणाला खोकला आला नाही, कोणी हसलं नाही. म्हातारी माणसं एकमेकांना म्हणाली, असं सरण गावात झालं नव्हतं. सोमाजीनं उभ्या जन्मात जे मागितलं होतं ते अगदी तसंच्या तसं त्याच्यासमोर जळत होतं.

आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लोक पाहत होते. गुरुजी त्याच्याजवळ सरकले आणि हळूच, त्याला सुटका मिळावी म्हणून, म्हणाले, "धूर लागला का, सोमाजीभाऊ?"

सोमाजीनं वर पाहिलं. निळ्या आभाळात धुराची एक रेघ नव्हती.

"कुठी हाय धूर, गुर्जी?" तो म्हणाला. "मीच वाळवलं ना लाकूड." मग उपरण्यानं तोंड पुसत, पण पाणी काही थांबेना, "अन् वहीतलं माहं खोडा. नथ्थ्याचा कंस काढून टाका."

बंडी रिकामीच परत निघाली. हरिदास बसा बसा म्हणत राहिला, पण सोमाजी काही चढला नाही, मागून पैदलच आला.